दर दोन वर्षांनी नवा फोन : घड्याळ कोणाचे?

घरभाडे, आरोग्यविमा, पाळणाघराची फी आणि भारताची विमानतिकिटे हे आपल्या घरखर्चातले मोठे आकडे बहुतेकांना तोंडपाठ असतात. त्यांची आपण चार ठिकाणी चौकशी करतो, मित्रांना विचारतो, कागदावर मांडून पाहतो. याच घरात एक खर्च मात्र असा आहे की जो ठरल्या वेळी, आगाऊ सूचना देऊन येतो आणि तरीही आपण त्याला खर्च म्हणत नाही. तो म्हणजे नवा मोबाइल फोन. फोनबरोबर आता मनगटावरचे घड्याळ, कानातली बोंडे, टॅब्लेट आणि दिवाणखान्यातला वाढत्या इंचांचा टीव्हीही आला. या लेखात उदाहरण फोनचे घेतले आहे, कारण तो घरातल्या प्रत्येकाकडे असतो. हिशेबाची रीत बाकीच्यांनाही तीच लागू पडते.

करार संपायला दोन-तीन महिने उरले की कंपनीचे पत्र येते किंवा फोन येतो. आवाज गोड असतो. तुम्ही आमचे जुने ग्राहक आहात, आता नव्या फोनवर तुमचा हक्क आहे, असे सांगितले जाते. हा ‘हक्क’ शब्द मला फार चतुर वाटतो. खरेदी केली नाही तर पैसे वाचतात हे कोणालाही कळते, पण हक्क बजावला नाही की आपलेच काही बुडाल्यासारखे वाटते. हातातला फोन उत्तम चालत असतो. सकाळपर्यंत त्याच्याबद्दल काही तक्रार नसते. संध्याकाळी मात्र त्याचा कॅमेरा जरा अंधूक वाटू लागतो!

दोन वर्षे हा आकडा आला कुठून? फोनच्या यंत्रात दोन वर्षांनी बिघडणारे असे काहीही नाही. जर्मनीत मोबाइल करारांची नेहमीची मुदत २४ महिन्यांची, आणि फोनची किंमत त्या मुदतीत वसूल करायची, एवढेच त्याचे मूळ आहे. ही किंमत कशी दडते हे जर्मनीतच एकदा अगदी उघड दिसले होते, म्हणून तो किस्सा सांगतो.

९ नोव्हेंबर २००७ रोजी आयफोन जर्मनीत विक्रीला आला. तो विकण्याचा अधिकार फक्त टी-मोबाइलकडे होता. दुकानातली किंमत ३९९ युरो, पण सोबत २४ महिन्यांचा करार घेणे सक्तीचे. त्यातला सर्वांत स्वस्त करार महिना ४९ युरोंचा होता. व्होडाफोन कंपनीला हे मान्य नव्हते. ती हॅम्बुर्गच्या न्यायालयात गेली आणि तिला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. तेव्हा टी-मोबाइलला तोच फोन कराराशिवाय विकायला ठेवावा लागला, आणि त्याची किंमत लावली गेली ९९९ युरो. ४ डिसेंबरला न्यायालयाने तो हुकूम मागे घेतला आणि कराराची सक्ती परत आली. म्हणजे जेमतेम दोन आठवडे जर्मनीतल्या ग्राहकाला एकाच फोनच्या दोन किमती शेजारी शेजारी दिसल्या : ३९९ आणि ९९९.

मधले ६०० युरो कोणी देणगी म्हणून दिले नव्हते. ३९९ अधिक ४९ गुणिले २४ केले तर १,५७५ युरो होतात. त्यात बोलण्याचा आणि इंटरनेटचा खर्च होताच, पण फोनचाही होता. ९९९ हा आकडा मुद्दाम चढा ठेवला असेल असेही कोणी म्हणेल, आणि तसे असू शकते. तरी मुद्दा बदलत नाही. फोन आणि सेवा यांची मोट बांधली की दोन्हींची खरी किंमत दिसेनाशी होते. पुढे ‘१ युरोत फोन’ अशा जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या. त्या एका युरोमागे किती येते, हे महिन्याच्या बिलात वेगळे दाखवलेले नसेल तर शोधून काढणे आपले काम आहे.

ते काढायची पद्धत सोपी आहे. तेवढ्याच इंटरनेटचा, फोनशिवायचा करार महिना किती युरोंना मिळतो ते पाहावे. फोनसह कराराच्या रकमेतून तो वजा करावा. बाकीला २४ ने गुणावे आणि सुरुवातीला भरायची रक्कम त्यात मिळवावी. येणारा आकडा ही फोनची खरी किंमत. मग तोच फोन बाजारात रोखीने केवढ्याला आहे ते बघावे. कधी करार स्वस्त पडतो हेही खरे. पण पुष्कळदा पडत नाही.

येथे एक कायदेशीर गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पूर्वी वेळेवर रद्द न केलेला करार आपोआप आणखी एक वर्ष वाढत असे. १ डिसेंबर २०२१ पासून दूरसंचार कायदा बदलला. आता पहिली मुदत संपल्यावर करार चालू राहिला तरी एक महिन्याची सूचना देऊन तो कधीही रद्द करता येतो. मात्र सूचना आपणच द्यायची असते. फोनची किंमत मासिक रकमेत मिसळलेली असेल आणि आपण गप्प बसलो, तर फोन फिटल्यानंतरही तीच रक्कम खात्यातून जात राहते. करार कधी संपतो ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. कालनिर्णयवर एकादशीच्या शेजारी लिहिली तरी चालेल.

आता हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत, आपापले घालून पाहावेत. समजा ९०० युरोंचा फोन दर दोन वर्षांनी घेतला आणि जुना कपाटात पडून राहिला, तर महिना साडेसदतीस युरो खर्च झाले. जुना ३०० युरोंना विकला तर महिना २५. तोच फोन पाच वर्षे वापरला आणि मध्ये १०० युरो देऊन बॅटरी बदलली, तर महिना साधारण १७. आणि मुळातच ४०० युरोंचा फोन घेऊन, ८० युरोंची बॅटरी धरून, पाच वर्षे वापरला तर महिना फक्त ८ युरो.

हा हिशेब थोडा नीट वाचावा, कारण त्यात नेहमीच्या उपदेशापेक्षा वेगळे काही दिसते. जो दर दोन वर्षांनी नवा फोन घेतो पण जुना लगेच विकतो, त्याचा आणि पाच वर्षे थांबणाऱ्याचा फरक वर्षाला अवघा शंभर युरोंचा आहे. हौसेला मोल नाही असे म्हणतात. इथे तर मोल आहे आणि ते परवडण्यासारखे आहे. एखाद्याला छायाचित्रणाची खरी आवड असेल आणि तो वर्षाला शंभर युरो त्यावर घालवत असेल, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. खरी गळती दोन ठिकाणी आहे : कपाटात पडलेला जुना फोन, आणि गरजेपेक्षा दोन पायऱ्या वरचा घेतलेला नवा. साडेसदतीस आणि आठ यांतला फरक वर्षाला ३५४ युरो. चौकोनी कुटुंबात चार फोन धरले तर १,४१६ युरो. भारताच्या तिकिटांना किंवा मुलांच्या नावे चालू केलेल्या बचतीला याचा चांगला हातभार लागतो.

कपाटाची गोष्ट मी उगीच काढलेली नाही. बिटकॉम या जर्मन उद्योगसंघटनेने २०२२ मध्ये अंदाज दिला होता की जर्मनीतल्या घरांत सुमारे २१ कोटी जुने फोन नुसते पडून आहेत. देशाची लोकसंख्या सव्वाआठ-साडेआठ कोटी. म्हणजे तान्ह्या बाळासकट माणशी अडीच फोन. ‘असू दे, कधीतरी लागेल’ ही आपल्याकडचीच खास सवय आहे असे मला वाटायचे. जर्मन माणूसही काही कमी नाही!

खरा धोका मात्र पुढेच आहे, आणि तो विशेषतः नुकतेच नोकरीसाठी आलेल्या तरुण मंडळींना सांगायचा आहे. तो म्हणजे हप्ते.

शूफा हे नाव जर्मनीत घर शोधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. घरमालक शूफाचा दाखला मागतो, बँक शूफा बघून कर्ज देते. पण ही संस्था कशातून जन्मली हे फार थोड्यांना माहीत असते. १९२० च्या दशकात बर्लिनच्या वीज कंपनीला, म्हणजे बेवागला, विजेचा खप वाढवायचा होता. घरोघरी विजेची उपकरणे गेल्याशिवाय वीज खपणार कशी? म्हणून ग्राहकांना उपकरणे हप्त्यांवर द्यायला सुरुवात झाली, आणि हप्ता विजेच्या बिलाबरोबर वसूल होऊ लागला. जो वीजबिल वेळेवर भरतो तो हप्ताही भरील, असे साधे तर्कशास्त्र. कोण भरतो आणि कोण थकवतो याची माहिती जवळ होतीच. त्यातूनच १९२७ साली बर्लिनमध्ये शूफा स्थापन झाली. म्हणजे आज जी संस्था आपल्या पतीचा हिशेब ठेवते, तिचा पाळणा हौसेच्या विजेरी उपकरणांच्या हप्त्यांनीच हलवला होता. शंभर वर्षांत उपकरणे बदलली, रीत तीच राहिली.

शून्य टक्के व्याजावर मिळणारा टीव्ही किंवा फोन हे कायद्याने कर्जच असते. २०१६ पासून अशा बिनव्याजी कर्जांनाही ग्राहकसंरक्षणाचे काही नियम लागू झाले आहेत. ऐपत तपासणे बंधनकारक आहे आणि १४ दिवसांत माघार घेता येते. पण दुकानात सही करताना एक पान नीट वाचावे. काही वेळा त्या बिनव्याजी हप्त्याबरोबर एक खाते किंवा क्रेडिट कार्डही उघडले जाते, आणि पुढच्या खरेदीवर त्याचे व्याज भरभक्कम असते. फेरब्राउखरत्सेंट्राले, म्हणजे येथील ग्राहक सल्ला केंद्रे, याबद्दल अनेक वर्षे सावध करीत आली आहेत.

मुख्य प्रश्न मुदतीचा आहे. येथे नव्या नोकरीत पहिले सहा महिने बहुधा परीक्षेचे असतात. त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. आणि त्याच पहिल्या पगाराच्या आनंदात आपण २४ महिन्यांच्या तीन-चार करारांवर सह्या करून मोकळे होतो : फोन, घड्याळ, टीव्ही, शिवाय व्यायामशाळा! समजा पाचव्या महिन्यात नोकरी गेली. व्हिसाची चिंता, नवी नोकरी शोधण्याची धावपळ, आणि वर महिन्याला दीडशे-दोनशे युरोंचे हप्ते. भारतात परत गेल्याने राहिलेले हप्ते माफ होत नाहीत. थकबाकीची नोंद झाली तर पुढे याच देशात भाड्याचे घर मिळणे अवघड होऊन बसते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे : परीक्षेचा काळ संपेपर्यंत हप्त्यावर एकही उपकरण घेऊ नये. अंथरूण अजून नीट अंथरलेलेही नाही, तर पाय कशाला पसरायचे?

आता हौसेकडे वळू, कारण आकड्यांनी कोणाची हौस फिटत नाही. सुबक, चकचकीत वस्तू हातात घ्यावीशी वाटणे हे स्वाभाविक आहे. म्युनिकच्या सीमेन्सने एकेकाळी या इच्छेवरच सगळा डाव लावला होता. २००३ साली त्यांनी झेलिब्री नावाने फोनची एक निराळी मालिका बाजारात आणली. कपड्यांसारखे तिचे वसंत-ग्रीष्म आणि शरद-हेमंत असे हंगाम होते, प्रत्येक हंगामात चार नवे नमुने. विक्री नेहमीच्या फोनच्या दुकानांबरोबर मोठ्या वस्त्रदालनांतही. एक फोन तर आरसे बसवलेल्या पावडरच्या डबीसारखा होता. आत नवे तंत्र काही नव्हते. माणूस जसा दोन-तीन घड्याळे आणि गॉगल बाळगतो, तसे दोन-तीन फोन बाळगेल, अशी अपेक्षा होती. लोकांनी पाठ फिरवली आणि २००४ मध्येच ती मालिका गुंडाळावी लागली.

पुढची कथा दुःखाची आहे. सीमेन्सचा मोबाइल व्यवसाय आधीच तोट्यात होता. २००५ मध्ये तो तैवानच्या बेनक्यू कंपनीकडे गेला आणि सप्टेंबर २००६ मध्ये बेनक्यूच्या जर्मन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्युनिक आणि ऱ्हाइन नदीजवळच्या कांप-लिंटफोर्ट येथील सुमारे ३,००० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. हे एका झेलिब्रीमुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण कंपनीच्या अडचणी बऱ्याच होत्या. पण झेलिब्रीकडे पाहताना मला नेहमी एक गंमत वाटते. फोन ही फॅशन आहे असे त्यांनी उघडपणे सांगितले, आणि ग्राहकाने ते नाकारले. आज दर सप्टेंबरला नवा नमुना येतो, त्याचा नवा रंग येतो, जुना ओळखू यावा म्हणून मागच्या कॅमेऱ्यांची मांडणी बदलते. तोच हंगामी बाजार आहे. फक्त त्याला फॅशन न म्हणता तंत्रज्ञान म्हणतात, आणि ते मात्र आपल्याला पटते. आपण इंजिनिअर मंडळी तर त्याला आधी बळी पडतो, कारण आपल्याला प्रोसेसरचे आकडे वाचता येतात ना!

मग फोनमध्ये खरोखर म्हातारे काय होते?

पहिली, बॅटरी. लिथियमच्या बॅटरीत रासायनिक क्रिया चालू असते. प्रत्येक वेळी भरताना आणि रिकामी होताना तिची धारणशक्ती थोडी कमी होते. उष्णता आणि सतत शंभर टक्के भरून ठेवणे या दोन्हींनी झीज वाढते. उन्हाळ्यात गाडीच्या काचेमागे फोन ठेवणे किंवा रात्रभर उशीखाली चार्ज करणे म्हणूनच वाईट. बॅटरी थकली की तिला एकदम जास्त वीजप्रवाह देता येत नाही आणि फोन मध्येच बंद पडू शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले की असे बंद पडणे टाळण्यासाठी जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. ग्राहकांना ते आधी नीट सांगितले नव्हते. फ्रान्समध्ये याबद्दल २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. बोभाटा झाल्यावर जर्मनीत २०१८ या वर्षापुरती बॅटरी बदलण्याची किंमत ८९ युरोंवरून २९ वर आणली गेली. लोकांनी बॅटऱ्या बदलल्या आणि मंदावलेले फोन पुन्हा पळू लागले. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी भागधारकांना पत्र लिहून विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याची जी कारणे दिली, त्यांत या स्वस्त बॅटऱ्यांचाही उल्लेख होता. याहून चांगला पुरावा मला तरी सुचत नाही. ज्यांना नवा फोन हवासा वाटत होता, त्यांतल्या अनेकांना खरे तर नवी बॅटरी हवी होती.

दुसरे, सॉफ्टवेअर. येथे माझ्या व्यवसायाचा संबंध येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. फोनमधल्या प्रणालीत सतत नव्या चुका, नव्या फटी सापडत असतात. त्या बुजवणारे सुरक्षा अद्यतन येणे बंद झाले की तो फोन कुलूप बिघडलेल्या दारासारखा होतो. दिसायला दार बंद असते. बँकेचे व्यवहार अशा फोनवर करू नयेत, मग तो दिसायला कितीही नवा असो. अद्यतने थांबतात ती बहुतेक पैशांच्या कारणाने. मुख्य चिप बनवणारी कंपनी तिच्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर पुरवणे थांबवते, मग फोनच्या कंपनीला ते काम स्वतः करणे महाग पडते. पूर्वी अनेक फोनना दोन-तीन वर्षेच अद्यतने मिळत. आता परिस्थिती सुधारली आहे. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस २४ पासून सात वर्षांचे आश्वासन दिले.

त्याहून महत्त्वाचा युरोपीय नियम आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनसाठी कंपन्यांवर काही बंधने आली. त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीची अद्यतने उपलब्ध ठेवायची, महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे मिळायला हवेत, आणि बॅटरी ८०० वेळा भरल्यानंतरही तिची निदान ८० टक्के क्षमता शिल्लक राहायला हवी. फ्रिज आणि धुलाईयंत्रावर असते तशी रंगीत पट्टीही आता फोनवर असते. तिच्यावर दुरुस्त करायला किती सोपा हे ‘ए’ ते ‘ई’ अशा अक्षरांत लिहिलेले असते. दुकानात गेल्यावर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी ही पट्टी पाहावी. रोज एकदा पूर्ण चार्ज केला तरी ८०० वेळा म्हणजे दोन वर्षांहून जास्त होतात, आणि आपण रोज बॅटरी पूर्ण रिकामी करतोच असे नाही.

तिसरे जे म्हातारे होते ते म्हणजे रूप, आणि दुकानात आपल्याला मुख्यतः तेच विकले जाते. बॅटरी बदलता येते, अद्यतनाची तारीख शोधता येते. पण शेजारच्या टेबलावर नवा फोन दिसला की आपला जुना दिसू लागतो, त्याला कुठलाही सुटा भाग मिळत नाही. निदान मनातल्या मनात हे तिन्ही वेगळे काढता आले पाहिजेत. ‘फोन जुना झाला’ असे वाटेल तेव्हा स्वतःला विचारावे : बॅटरी जुनी झाली, अद्यतने संपली, की डोळे विटले? तिसरे उत्तर आले तरी फोन जरूर घ्यावा, पण मग तो खर्च हौसेच्या खात्यात लिहावा, गरजेच्या नको.

बिघडलाच तर काय, हा प्रश्न राहतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटा भाग आणि तो बसवणारा माणूस हमखास मिळतो, अशी आपल्याला सवय. येथे कारागिराची मजुरी महाग, म्हणून दुरुस्तीपेक्षा नवीन बरे असे वाटते. पण आधी कायद्याने मिळालेले हक्क वापरावेत. नव्या वस्तूतल्या मूळ दोषासाठी विक्रेता दोन वर्षे जबाबदार असतो. याला गेवेरलाइस्टुंग म्हणतात. उत्पादकाची गारांटी ही वेगळी आणि ऐच्छिक गोष्ट आहे. दुकानदार ‘उत्पादकाला विचारा’ म्हणून हात झटकतो तेव्हा हा फरक त्याला शांतपणे सांगावा. १ जानेवारी २०२२ पासूनच्या खरेदीत पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो मुळातच होता असे धरले जाते. नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. पूर्वी ही सवलत सहाच महिन्यांची होती. व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेल्या वापरलेल्या फोनवरही जबाबदारी असते, मात्र ती करारात एक वर्षापर्यंत कमी करता येते. नूतनीकरण केलेला फोन घेणाऱ्यांनी हे पाहून घ्यावे. म्हणूनच पावती जपून ठेवावी. थर्मल कागदावरची अक्षरे उडतात, त्यामुळे तिचा फोटो काढावा.

दुरुस्तीसाठी काही राज्यांनी पैसेही दिले आहेत. थुरिंगियाने २०२१ मध्ये याची सुरुवात केली. अर्धा खर्च, माणशी वर्षाला कमाल १०० युरो. सॅक्सनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये कमाल २०० युरोंची योजना आणली. अशा योजनांचा निधी संपतो, म्हणून दुरुस्तीला देण्यापूर्वी आपल्या राज्यात सध्या काय चालू आहे याची चौकशी करावी. आणि रिपेअर कॅफेला एकदा तरी जावे. ही कल्पना २००९ मध्ये ॲम्स्टरडॅमला सुरू झाली आणि आता जर्मनीत गावोगावी पोहोचली आहे. तिथे निवृत्त कारागीर हौसेने मदत करतात, चहा-केकही असतो. जर्मन बोलण्याचा सराव होतो तो वेगळाच. शाळकरी मुलांना बरोबर न्यावे. आपला हेडफोन उघडून त्यातली तुटलेली तार स्वतः जोडलेला मुलगा नव्या हेडफोनसाठी तितकासा हटून बसत नाही, असे आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत दिसले आहे.

शेवटी जुन्या फोनची विल्हेवाट. विकायचा असेल तर नवा घेतल्या दिवशीच विकावा, कारण पुढे प्रत्येक महिन्याला त्याची किंमत उतरते. टाकायचा असेल तर घरच्या कचऱ्यात टाकणे बेकायदा आहे. पालिकेच्या वेर्टश्टॉफहोफमध्ये तो विनामूल्य घेतात. जुलै २०२२ पासून विजेच्या वस्तू विकणाऱ्या मोठ्या किराणा दुकानांनीही २५ सेंटिमीटरपर्यंतची लहान उपकरणे काही विकत न घेता परत घ्यायची आहेत.

आणि आई-बाबांसाठी भारतात न्यायचा असेल, जसे आपल्यापैकी बहुतेक जण नेतात, तर तीन गोष्टी कराव्यात. अद्यतने अजून किती वर्षे मिळणार ते आधी पाहावे. आई-बाबा त्या फोनवरून पेन्शनच्या खात्याचे व्यवहार करणार असतील, तर आपल्याला नकोसा झालेला असुरक्षित फोन त्यांच्या हाती देणे बरोबर नाही. फोनमधून आपले खाते येथेच काढून, सगळी माहिती पुसून न्यावा. नाहीतर तिकडे तो कुलूपबंद होतो आणि रात्री साडेतीनला आपल्याला पासवर्डसाठी उठवले जाते. नवी बॅटरी लागणार असेल तर ती येथेच बसवून घ्यावी. सुटी बॅटरी नेलीच तर ती हातातल्या सामानात ठेवावी लागते, खाली सोडायच्या बॅगेत चालत नाही. आणि बॅटरी फुगून फोनची पाठ उचललेली दिसत असेल, तर तो फोन विमानात मुळीच नेऊ नये.